मृग: एका शब्दाचे दोन काळ

जूनच्या मध्यावर चिखलीच्या किंवा खामगावच्या बाजारात ‘मिरग कोरडा गेला’ एवढे तीन शब्द कानावर पडले, की बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला पुढचे काही विचारावे लागत नाही. वखरून ठेवलेले रान तसेच पडून आहे, बियाण्याच्या पिशव्या घरात आहेत, उडीद-मुगाचा पेरा साधेल की नाही याची खात्री नाही, आणि कपाशी-सोयाबीनचे गणित मनातल्या मनात पुन्हा मांडायला सुरुवात झाली आहे, हे सगळे त्यात आले. काळाचे नाव सांगणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत. पण माणसाच्या पोटाशी इतका घट्ट बांधलेला काळवाचक शब्द मला दुसरा सापडत नाही.

हा जिल्हा स्वतःच दोन पातळ्यांवर वसलेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके ‘घाटावर’. पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे ‘घाटाखाली’. वरची जमीन चढउताराची, कुठे भारी तर कुठे मुरमाड. खालची बरीचशी काळी, खोल, आणि पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा. पाऊस दोन्हीकडे सारखा पडत नाही, पेरणीही एकाच दिवशी होत नाही. ‘मिरग’ मात्र दोन्हीकडे एकच. घाट चढताना बोलीचा हेल थोडा बदलतो आणि कुठे ‘मिरग’चा ‘मिरुग’ होतो, एवढेच.

मग हा मिरग नेमका काय असतो?

आकाशात सूर्य ज्या वाटेने वर्षभर फिरताना दिसतो, त्या वाटेचे आपल्या ज्योतिषांनी २७ सारखे भाग केले. प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा. त्या त्या भागातल्या किंवा जवळच्या ठळक ताऱ्यांवरून भागांना नावे दिली, ती नक्षत्रे. चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो, सूर्याला त्यासाठी सरासरी साडेतेरा दिवस लागतात. म्हणून पंचांगात ‘आज मृग’ असे लिहिलेले असेल तर ते चंद्राचे नक्षत्र असते आणि दुसऱ्या दिवशी संपते. शेतकऱ्याचा मृग हा सूर्याचा असतो आणि जवळजवळ चौदा दिवस टिकतो. सूर्य २५ मेच्या सुमाराला रोहिणीत शिरतो, ७ किंवा ८ जूनला मृगात आणि २१-२२ जूनला आर्द्रात. ‘मृग लागला’ किंवा ‘मृग निघाला’ याचा अर्थ सूर्याने आकाशातली ती एक हद्द ओलांडली, इतकाच. त्या दिवशी ढग असतीलच असे काही नाही.

आणि यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी, की ज्या पंधरवड्याला मृगाचे नाव आहे त्या पंधरवड्यात आकाशात मृग दिसतच नाही. दिसणार कसा? सूर्यच तिथे आहे. ते तारे सूर्याबरोबर उगवतात, त्याच्याबरोबर मावळतात आणि दिवसभर उजेडात बुडालेले असतात. मृग रात्रभर पाहायचा तर सहा महिने थांबावे लागते. डिसेंबरात अंधार पडल्यावर थोड्याच वेळात तो पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. तेव्हाची पौर्णिमा मृगशीर्ष नक्षत्राजवळ होते, कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. त्या पौर्णिमेवरून महिन्याचे नाव पडले मार्गशीर्ष. पुष्कळांना मार्गशीर्षात ‘मार्ग’ दिसतो. तो तिथे नाही. ‘मृगशीर्ष’चाच तो पुढचा शब्द आहे, कृत्तिकेवरून कार्तिक आणि विशाखेवरून वैशाख व्हावा तसा.

म्हणजे एकाच तारकासमूहाने वर्षाच्या दोन टोकांना दोन काळांची नावे दिली. चंद्र तिथे भरला की मार्गशीर्ष: तूर शेंगांवर आलेली, कापसाची वेचणी चालू, गहू-हरभऱ्याला थंडी मानवणारी. सूर्य तिथे आला की मृग: जमीन तापून भेगाळलेली, आणि सगळ्यांचे डोळे नैर्ऋत्येकडे. एक महिना चंद्राने मोजलेला, दुसरा पंधरवडा सूर्याने. पोथीच्या बाजूने पहिला शब्द जपला गेला आणि शेताच्या बाजूने दुसरा. दोन्ही एकाच घरातले आहेत हे बोलताना क्वचितच कुणाच्या मनात येते.

डिसेंबरातल्या त्या आकाशात काय दिसते ते सांगायला हवे. चार तारे मोठ्या चौकोनात, हे हरणाचे चार पाय. त्यांतला एक तांबूस, काक्षी; त्याच्या समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य. चौकोनाच्या मधोमध एका ओळीत तीन तारे, हा हरणाच्या पोटात घुसलेला बाण. वरच्या बाजूला तीन मंद ताऱ्यांचा छोटा पुंजका, ते हरणाचे डोके, म्हणजे मूळ मृगशीर्ष. बाणाची रेघ खाली वाढवली की ती आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याजवळ जाते. तो व्याध, बाण मारणारा. वरच्या बाजूला वाढवली की तांबडी रोहिणी. ऐतरेय ब्राह्मणात याची कथा आहे. प्रजापती हरणाचे रूप घेऊन आपल्याच मुलीच्या मागे लागला, ती रोहिणी झाली. देवांनी त्याला शासन करायला एक उग्र पुरुष निर्माण केला, त्याने तीन कांडांचा बाण सोडला. हरीण, बाण, व्याध आणि रोहिणी असे सगळे आकाशात जाऊन बसले. कथेतला क्रम आणि सूर्याच्या वाटेवरचा क्रम एकच आहे: आधी रोहिणी, मग मृग.

ग्रीकांनी हेच तारे पाहिले आणि त्यांत शिकारी पाहिला, ओरायन. आपण ज्याला बाण म्हणतो तो त्यांच्या लेखी शिकाऱ्याचा कमरपट्टा, आणि आपला व्याध त्यांच्याकडे शिकाऱ्याच्या मागून धावणारा कुत्रा. एका देशात जो सावज आहे तो दुसऱ्या देशात शिकारी. म्हणून खगोलशास्त्राच्या मराठी पुस्तकात ‘मृग’ म्हणजे ओरायन असे लिहिले जाते ते ताऱ्यांपुरते खरे, चित्रापुरते नाही.

शब्दाच्या मुळाकडे वळू. आज मृग म्हणजे हरीण, पण संस्कृतात तो कोणताही रानटी प्राणी होता. सिंह मृगेंद्र किंवा मृगराज होतो तो हरणांचा राजा म्हणून नव्हे, तो सगळ्या रानजनावरांचा राजा. माकड शाखामृग, फांदीवरचे जनावर. वेदात हत्तीचा उल्लेख हात असलेला मृग असा येतो. मृगया म्हणजे शिकार, आणि त्या कुळातल्या क्रियापदाचा अर्थ शोधणे, माग काढणे. ‘मार्ग’ हा शब्दही जनावरांनी पाडलेल्या वाटेवरून आला असावा, असे भाषेचे अभ्यासक मानतात. पुढे शिकारीत नेहमी सापडणाऱ्या एका प्राण्यावर हा शब्द स्थिरावला आणि बाकीची जनावरे त्यातून सुटली.

हिंदुकुशापलीकडे त्याच शब्दाचे वेगळे झाले. इराणच्या जुन्या अवेस्ता भाषेत त्याचे भावंड ‘मरेग’ पक्ष्यासाठी वापरले गेले. फारसीत त्याचा ‘मुर्ग’ झाला आणि तिथून तो हिंदीत कोंबड्यावर येऊन बसला. धाब्याच्या फळ्यावरचा मुर्ग आणि पंचांगातला मृग हे दूरचे चुलतभाऊ आहेत. सिंधुदुर्गात मिरगाच्या दिवशी शेताच्या राखणदाराला कोंबडा देण्याची चाल आहे; तिथे दोन्ही भाऊ एकत्र येतात, तो मात्र निव्वळ योगायोग.

काळाचे नाव म्हणून मृग एकटा नाही. आपल्या भाषेत पाऊस आणि काळ यांची इतकी सरमिसळ आहे की कोणता शब्द कुठून निघाला हे शोधताना आनंद होतो. ‘पाऊस’ हा शब्द ‘प्रावृष्’पासून आला, आणि प्रावृष् म्हणजे पाणी नव्हे, पावसाळ्याचा ऋतू. ऋतूचे नाव पडणाऱ्या पाण्याला मिळाले, मग ऋतूसाठी ‘पावसाळा’ असा नवा शब्द घडवावा लागला. ‘वर्ष’ याच्या उलट गेला: मूळ अर्थ पाऊस, त्यावरून पावसाळा, त्यावरून दोन पावसाळ्यांमधला पूर्ण काळ. ‘साठ पावसाळे पाहिलेला माणूस’ असे आपण म्हणतो तेव्हा वर्ष या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ नकळत जागा करतो. ‘हंगाम’ फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ वेळ. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ, जहाजे सोडण्याचा ऋतू. तो पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून इंग्रजीत ‘मान्सून’ होऊन गेला आणि आपल्याकडे ‘मोसमी वारे’ म्हणून राहिला. खरीप आणि रब्बी हेही अरबी शब्द, शरद आणि वसंत या अर्थांचे. पिकाच्या काढणीवरून ती नावे पडली. आपण मात्र पेरणी पाहून ‘खरीप’ म्हणतो, म्हणून जूनमध्ये शरदाचे नाव घेतो.

मार्गशीर्षाचे आणखी एक नाव आहे आग्रहायण, हिंदीतला अगहन. त्यात ‘अग्र’ आणि ‘हायन’ आहेत, हायन म्हणजे वर्ष. वर्षाच्या अग्रभागी असलेला महिना. गीतेतही महिन्यांमध्ये श्रेष्ठ म्हणून मार्गशीर्षच निवडला आहे. हे का, असा प्रश्न लोकमान्य टिळकांना पडला आणि त्यातून १८९३ साली त्यांचा ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ आला. त्यांचा युक्तिवाद असा होता: एके काळी वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान होण्याचा वसंतातला बिंदू, मृगशीर्षात होता आणि वर्ष तिथून सुरू होत असे, संपात हळूहळू मागे सरकतो, त्यावरून हिशेब केला तर तो काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास येतो. जर्मनीत हेर्मान याकोबी यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे असाच विचार मांडला. टिळकांनी आग्रहायण आणि ओरायन हे शब्दही एकाच मुळाचे असावेत असे सुचवले. ते भाषाशास्त्राने मान्य केले नाही, आणि वेदांच्या काळाबद्दलचा त्यांचा निष्कर्षही आज बहुतेक अभ्यासक स्वीकारत नाहीत. तरीही एका महिन्याच्या नावाला इतक्या गांभीर्याने प्रश्न विचारणारे पुस्तक मराठी माणसाने लिहिले याचे मोल कमी होत नाही.

टिळक ज्या वर्षारंभाचा शोध वेदांत घेत होते, तसा मृगापासून सुरू होणारा वर्षारंभ महाराष्ट्राच्या दप्तरांत मात्र अगदी अलीकडपर्यंत चालू होता. त्याचे नाव शुहूर सन, मोडी कागदांतला ‘सुहूर सन’, आणि सरळ मराठीत मृगसाल.

याची गरज का पडली ते समजून घेण्यासारखे आहे. हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ दिवसांचे. ऋतूंचे वर्ष त्याहून ११ दिवसांनी मोठे. सारा हिजरी तारखेने मागितला तर काही वर्षांनी वसुलीचा महिना पेरणीत येतो, आणखी काही वर्षांनी भर उन्हाळ्यात. पीक नसताना शेतकरी काय देणार? म्हणून मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ साली, दख्खनमध्ये हिजरी ७४५ हा आकडा तसाच घेऊन त्यापुढची वर्षे सूर्याने मोजायला सुरुवात झाली, आणि वर्षाचा पहिला दिवस ठरला तो सूर्य मृगात शिरण्याचा. वर्षांचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे. एककापासून सुरू करून हजारापर्यंत जायचे. बहमनी काळानंतरच्या सुलतानांनी तो चालवला, शिवाजी महाराजांच्या कागदांत तो आहे, पेशवे दप्तरात तर पावलोपावली आहे. पोशाख अरबी, पण आत मिरगच.

सिंदखेडराजाच्या जाधवांसारख्या देशमुख घराण्यांचा हक्क आणि वतनाचा सगळा व्यवहार पिकावर उभा होता, त्यामुळे त्या काळच्या माणसाला हे वर्ष स्वाभाविक वाटले असणार. आजच्या वाचकाला मात्र थोडा हिशेब करावा लागतो. मृग लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर शुहूर आकड्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाला १२ जानेवारी १५९८ रोजी झाला असे मानले जाते; तेव्हा शुहूर सन ९९८ चालू होता. त्यांच्या मुलाचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, तेव्हा मृगसाल नुकतेच बदलून १०७५ लागले होते, ‘खमस सबैन अलफ’, म्हणजे पाच, सत्तर आणि हजार. त्याच दिवशी हिजरी सन १०८५ होता. १३४४ मध्ये जोडीने निघालेल्या दोन सनांत ३३० वर्षांत पूर्ण दहा वर्षांची तफावत पडली होती. चंद्राचे वर्ष पुढे पळत गेले आणि मिरगाचे वर्ष पावसाजवळ थांबले.

पूर्णपणे मात्र थांबले नाही. टिळकांच्या युक्तिवादात जी संपाताची चाल होती तीच इथेही लागू पडते. पृथ्वीचा आस अतिशय संथपणे गिरकी घेतो, त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण साधारण ७१ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. आपली पंचांगे सूर्य मृगात कधी शिरला हे ताऱ्यांवरून ठरवतात. पाऊस ताऱ्यांना ओळखत नाही, तो सूर्य किती उत्तरेला सरकला आणि जमीन किती तापली त्याप्रमाणे येतो. त्यामुळे मृग पावसाच्या तुलनेत पुढे पुढे जात आहे. आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने १३४४ मध्ये मृग मेच्या २९ तारखेच्या आसपास लागत असे, राज्याभिषेकाच्या वेळी ३ जूनच्या सुमाराला, आता ७-८ जूनला लागतो. आणखी सातशे वर्षांनी १७ जून उजाडेल. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीपुढेही सणवार ऋतूंपासून असे दूर जात असल्याचा प्रश्न होता. त्यातून १९५७ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका आली, पण गावातल्या मिरगाला तिने हात लावला नाही.

आता शेतात उतरू, कारण शब्दाची खरी परीक्षा तिथे होते. मोसमी पाऊस केरळात सरासरी १ जूनला येतो. मुंबईची सरासरी तारीख ११ जून, आणि विदर्भात तो जूनच्या मध्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे कोकणात मृग आणि मोसमी पाऊस जवळजवळ हातात हात घालून येतात, बुलढाण्यात मात्र मृगाचा पहिला आठवडा बहुधा मोसमी पावसाआधीचाच असतो. त्या आठवड्यात जो गडगडाटी पाऊस पडतो तो एका शिवारात तळे करतो आणि शेजारच्या शिवारात धूळही बसवत नाही. त्याला ‘मिरगाचं पाणी’ समजून तिफण काढली आणि पुढे दहा-बारा दिवस उघाड पडली, तर उगवलेले कोंब माना टाकतात आणि दुबार पेरणी कपाळी येते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नका. माझे मत असे, की या सल्ल्याचे आणि जुन्या शब्दाचे भांडण नाही. जुन्या माणसांनीही ‘मृगाचा पेरा’ चांगला म्हटला तो वाफसा आलेल्या रानातला. नुसत्या तारखेवर त्यांनी मूठ सोडली नाही. नाहीतर ‘कोरडा गेला’ हा शब्दप्रयोग भाषेत आलाच नसता.

मृगापुढे सगळी नक्षत्रे रांगेने येतात आणि त्यांना लोकांनी आपली नावे दिली. आर्द्रा म्हणजे ओली, हे नाव मुळातच पावसाचे. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाच्या ‘आसळका’, मघा सासवांच्या, पूर्वा सुनांच्या, हस्ताचा हत्ती सोंडेने पाणी ओतणारा. पंचांगकर्ते प्रत्येक नक्षत्राला वाहनही देतात. सूर्य त्या नक्षत्रात शिरताना चंद्र कुठे आहे ते पाहून सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे आणि नऊने भागायचे. बाकी तीन उरली तर बेडूक, सात उरली तर म्हैस, काहीच उरले नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की लोक खूश, कोल्हा आला की काळजी. या हिशेबात हवेचा दाब नाही, वारा नाही, समुद्राचे तापमान नाही, त्यामुळे अंदाज म्हणून त्याचा भरवसा धरता येत नाही. पण पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तेरा-चौदा दिवसांच्या टप्प्यांनी लक्षात ठेवायचा, प्रत्येक टप्प्याचा स्वभाव निराळा आहे हे मुलांना नावांतून शिकवायचे, ही स्मरणाची रीत उत्तम आहे. ‘जुलैचा दुसरा पंधरवडा’ यात काहीच कळत नाही. ‘म्हातारा पाऊस’ म्हटले की संथ, दिवसभर झिमझिमणारे पाणी दिसते.

पावसाचा कौल आधीच मिळावा ही ओढ याच जिल्ह्यात एका वेगळ्या रूपात दिसते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. गोलाकार धान्ये मांडतात, मध्ये खड्डा करून त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, वर पाण्याची घागर आणि तिच्यावर पापड, कुरडई, सांडोळी असे पदार्थ. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले ते पाहून वाघ घराण्यातले महाराज पीकपाण्याचे भाकीत सांगतात. परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची आणि चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली मानली जाते. विज्ञानाचा आधार तिला नाही, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्याविषयी उघडपणे बोलत आले आहेत. तरी पहाटे तिथे जमणाऱ्या शेतकऱ्यांची गर्दी पाहिली, की मृग लागायच्या कित्येक दिवस आधीपासून तो माणसाच्या मनात कसा सुरू झालेला असतो ते कळते.

शेजारच्या भाषांत हा शब्द कसा वावरतो हेही पाहण्याजोगे आहे. तेलुगूत ‘मृगशिर कार्ते’. कार्ते म्हणजे सूर्याच्या नक्षत्राचा तोच पंधरवडा. त्या दिवशी तेलंगणात मासे खाण्याची रीत आहे, आणि हैदराबादेत दम्याच्या रुग्णांना औषध घातलेला जिवंत मासा गिळायला देण्याचा प्रसिद्ध कार्यक्रमही याच दिवशी होतो. कन्नडमध्ये नक्षत्राला ‘मळे’ म्हणजे पाऊस जोडतात. कोकणात आणि गोव्यात आपल्यासारखाच मिरग. इंग्रजीत मात्र भाषांतर करणारा अडतो. ‘ओरायन’ म्हटले तर हिवाळ्यातले आकाश उभे राहते, ‘हरीण’ म्हटले तर काळच नाहीसा होतो, ‘जूनचा दुसरा आठवडा’ म्हटले तर वाट पाहणे गळून पडते. माझ्या मते तिथे मूळ शब्द ठेवून वाक्यातच पाऊस आणि पेरणी आणावी. वाचक एका परिच्छेदात शिकतो.

भाषांतराचा एक फार सुंदर नमुना एका जिवाच्या नावात आहे. पहिला पाऊस झाला की ओल्या मातीवर मखमली लाल, गुंजेएवढे जीव चालताना दिसतात. आपण त्यांना मृगाचा किडा म्हणतो. खरे तर तो किडा नाही. त्याला आठ पाय असतात, नाते कोळ्यांशी, आणि वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीत असतो. संस्कृतात तो इंद्रगोप, हिंदीत बीरबहूटी. तेलुगूत त्याचे नाव ‘आरुद्र पुरुगु’, म्हणजे आर्द्राचा किडा. एकाच जिवाला दोन शेजारी भाषांनी दोन लागोपाठच्या नक्षत्रांची नावे दिली. पहिला पाऊस कुणी कधी धरला, ते त्या नावांत नोंदलेले आहे.

संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या संत्राबागांत हाच शब्द आणखी लांब जातो. संत्र्याला वर्षातून दोन मुख्य बहार: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया आणि जून-जुलैत फुलणारा मृग. मृग बहार धरायचा तर मे महिन्यात बागेचे पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. पाने मलूल होतात, मालक जीव मुठीत धरून बसतो, आणि मृगाच्या पावसाने ताण तुटला की झाडे फुलतात. पाऊस लांबला तर फुले कमी, मेमध्येच अवकाळी येऊन गेला तर ताणच मोडतो. हे सगळे साधले, तर त्या फुलांची फळे पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. तेव्हा आकाशातला मृग संध्याकाळीच डोक्यावर आलेला असतो, सूर्य त्याच्यापासून कितीतरी दूर कुंभ-मीनेत असतो, आणि व्यापारी बागेत येऊन विचारतो, ‘मृगाचा माल किती निघेल?’